छपराचे वासे आणि छन्नाचा विहार

विनयपिटकातील पाचित्तिय नियमांपैकी १९ वा नियम विहाराच्या छपरासंबंधी आहे. त्याची निदानकथा अशी : छन्न भिक्षूच्या उपट्ठाक महामात्याने त्याच्यासाठी विहार बांधून दिला. काम पुरे झाल्यावरही छन्न त्यावर पुनःपुन्हा आच्छादन व लिंपण करवीत राहिला. अखेर अतिभाराने विहार कोसळला. म्हणून आच्छादनाची मर्यादा दोन-तीन थरांची ठरविण्यात आली. हा नियम केवळ शिस्तीचा मानला जातो. आमच्या मते त्यात बांधकामाचे एक तत्त्वही आहे. वासे ज्या भारासाठी घातले, त्याहून अधिक भार त्यांवर टाकू नये.

राजापूर तालुक्यातील नाटे या समुद्रकाठच्या गावी वर्षावासातील ग्रंथवाचनासाठी विहारालगत एकपाखी पडवी घालावयाची झाल्यास प्रथम भारच मोजावा लागेल. मंगलोरी कौलांचा रिपांसह भार दर चौरस मीटरला सुमारे ६५ किलो असतो. दुरुस्तीस चढणाऱ्या माणसांसाठी आणखी ७५ किलो धरावेत. वासे दोन फुटांवर असतील, तर प्रत्येक वाशाच्या वाट्यास दोन फूट रुंदीचा पट्टा येतो. अंतर वाढविले की तेवढाच भार वाढतो. लांबीचे गणित मात्र कठोर आहे. आधारांमधील लांबी दुप्पट झाली, तर त्याच वाशाचा झोळ सोळापट होतो.

सागाचा सुका, गाठी नसलेला २ × ४ इंची वासा दोन फूट अंतराने आठ फुटांपर्यंत पुरतो. दहा फुटांसाठी २ × ५ इंची घ्यावा. वासा नेहमी उभ्या कडेवर बसवावा; तोच २ × ४ चा वासा आडवा टाकल्यास त्याची ताकद निम्मी आणि ताठरपणा चौथाई होतो. दानाच्या पैशातून काम करताना लाकूड वाचविण्याचा मोह होतो, पण पडवीत पावसाळाभर लोक बसणार आहेत, हे विसरून चालत नाही.

पालीत वाशाला ‘गोपानसी’ म्हणतात. जरेने वाकलेल्या देहाला ‘गोपानसिवंक’ हे विशेषण लावलेले आढळते. वाकलेला वासा त्या काळीही सर्वांच्या पाहण्यातला असला पाहिजे. मराठी ‘वासा’ हा शब्द ‘वंस’ म्हणजे बांबू यापासून आला. मूळचे वासे कशाचे असत, हे त्यावरून कळते.

कौलांऐवजी पत्रे घातल्यास भार दर चौरस मीटरला पाच-सहा किलोंवर येतो आणि वासे बारीक चालतील असे वाटते. येथे धोका उलट दिशेचा आहे. २०२१ च्या मे महिन्यातील तौक्ते वादळाने किनाऱ्यावरील अनेक घरांचे पत्रे उडविले. हलके छप्पर वाऱ्याने वर उचलले जाते. म्हणून प्रत्येक वासा भिंतीवरील आडव्या लाकडाला लोखंडी पट्टी व बोल्टने जखडावा. नुसता खिळा पुरत नाही. खाऱ्या हवेत तो लवकर गंजतो.