क्षयरुग्णाच्या घरातील निरोगी माणूस

मावळात एका खोलीची घरे आम्ही नेहमी पाहतो. एकास राजयक्ष्मा होतो, शेजारी निजणारी भावंडे मात्र ठणठणीत! सर्व शरीरे सारखी व्याधिक्षम नसतात, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानात सांगितलेच आहे. हाच प्रश्न लेनेट लू या तरुण संशोधिकेने व सहकाऱ्यांनी युगांडातील कंपाला येथील क्षयरुग्णांच्या घरांतून घेतलेल्या रक्तनमुन्यांवर तपासला आणि २०१९ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये मांडला. वर्षानुवर्षे रुग्णासोबत राहूनही ज्यांच्या ट्यूबरक्युलिन व इंटरफेरॉन-गॅमा चाचण्या निगेटिव्ह राहिल्या, त्यांच्या रक्तात क्षयजंतूविरुद्ध प्रतिपिंडे होती, टी-पेशींचा प्रतिसादही होता. इंटरफेरॉन-गॅमा तेवढे नव्हते. म्हणजे जंतूशी गाठ पडली होती, शरीराने उत्तर वेगळ्या वाटेने दिले. निगेटिव्ह चाचणी म्हणजे जंतूचा स्पर्शच नाही, असे मानणाऱ्या आम्हांस हे नवे होते.

रक्षण याच वाटेने झाले, हे त्यातून सिद्ध होत नाही. ते बल सहज की युक्तिकृत, हेही नाही. म्हणून अमुक रसायनाने ते येते, असे दुकानात सांगणे आम्हांस मान्य नाही. च्यवनप्राश खुशाल द्यावा. दोन आठवड्यांचा खोकला मात्र थुंकी-तपासणीस धाडावा. क्षयरुग्णाची माहिती शासनास कळविणे २०१२ पासून चिकित्सकांवर आणि २०१८ पासून औषधविक्रेत्यांवरही बंधनकारक आहे.