कोयीचा भरवसा

शिरवळला माझ्या घरामागे ॲव्होकाडोचे एक झाड आहे. आठ वर्षांपूर्वी पुण्याहून खायला आणलेल्या फळांच्या तीन बिया मी ओल्या असतानाच पेरल्या. सुकलेली बी रुजत नाही. महिना-दीड महिन्यात कोंब आले. पण नीरेकाठची काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि या झाडाची मुळे साचल्या पाण्यात कुजतात. दोन रोपे पहिल्याच पावसाळ्यात गेली. तिसरे मुरमाच्या उंचवट्यावर हलवले, दोन उन्हाळे गोणपाटाची सावली धरली, तेव्हा कुठे ते जगले.

फळ मात्र नाही. "कलमच का नाही आणलेत? मला तिथे धुणे वाळत घालायला जागा हवी आहे," हा आमच्या मंडळींचा रोकडा सवाल. त्यांचे चुकत नाही. कलमात मूळ झाडाचे गुण उतरतात. कोयीचा भरवसा नसतो. हापूसची कोय लावली तर हापूसच येईल असे नाही.

पण कॅलिफोर्नियातल्या रुडॉल्फ हास या पोस्टमनने १९२० च्या दशकात अशीच एक बी लावली. रोपावर बांधलेली कलमे जगेनात, म्हणून तो ते तोडायला निघाला होता. ते राहिले. १९३५ साली त्याने त्याचे पेटंट घेतले. मूळ झाड २००२ साली मेले. पण जगभर विकले जाणारे 'हास' ॲव्होकाडो त्याच्याच कलमांचे वंशज. प्रत्येक नामांकित कलमामागे कुणीतरी न तोडलेले एक झाड असतेच.

यंदा माघात पहिला फुलोरा दिसला. धुण्याची दोरी सध्या त्याच झाडाला बांधली आहे.