नावांची गोधडी

घरातलं माणूस गेलं की मागे राहिलेल्या कपड्यांचं काय करायचं हा प्रश्न कधी ना कधी प्रत्येक घरात येतो. धड असतील ते आपण कुणाला तरी देऊन टाकतो, पण सासूबाईंचं धुऊन धुऊन मऊ झालेलं एखादं लुगडं मात्र हळूच बाजूला ठेवतो. पुढे त्याची गोधडी होते. तिची ऊब कशी असते ते मी तुम्हाला काय सांगायचं!

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्को नावाचं शहर आहे. तिथल्या लोकांनी आपल्या गेलेल्या माणसांची अशीच एक गोधडी शिवायला घेतली. तिचं वजन आज सुमारे ५४ टन आहे! ज्यांच्यासाठी ती प्रथम शिवली, ते बहुतेक समलिंगी पुरुष होते. मैत्रिणींनो, हा शब्द वाचून पान उलटू नका. ही गोष्ट जितकी त्यांची आहे, तितकीच त्यांच्या आयांची आहे.

१९७० नंतरच्या काळात अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतून तरुण मुलगे या शहरात, विशेषतः कॅस्ट्रो नावाच्या वस्तीत राहायला येत. कुणाला घरून काढलेलं, कुणी आपणच निघून आलेला. याच वस्तीत कॅमेऱ्याचं दुकान चालवणारा हार्वे मिल्क १९७७ साली शहराच्या कारभारी मंडळावर निवडून आला. आपण समलिंगी आहोत हे त्याने लपवलं नव्हतं. पुढच्याच वर्षी, २७ नोव्हेंबर १९७८ रोजी, त्याची आणि महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांची गोळ्या घालून हत्या झाली. तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी लोक हातात मेणबत्त्या घेऊन मिरवणुकीने निघू लागले.

मग एड्स आला. जून १९८१ मध्ये डॉक्टरांनी त्याची पहिली नोंद केली, आणि विशी-तिशीतली, चाळिशीतली माणसं पटापट जाऊ लागली. औषध नव्हतं. काही आईबापांना आपला मुलगा समलिंगी आहे आणि तो आता जगणार नाही, या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी कळल्या. गावाकडे सांगताना ते कॅन्सर म्हणत, न्यूमोनिया म्हणत. प्रेताला हात लावायला काही अंत्यविधीवाले तयार होईनात. आणि ज्याने रात्र रात्र जागून शुश्रूषा केली, त्या जोडीदाराचं काय? कायद्याने तो कुणीच नव्हता. नातेवाईक येत, देह घेऊन जात, कधी घरातलं सामानही घेऊन जात. त्याला ना सुतक, ना त्याच्याकडे कुणी समाचाराला यायचं!

हे सातासमुद्रापलीकडचं आहे असं समजू नका हं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी असे संबंध गुन्ह्यातून वगळले, ते चांगलंच झालं. पण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात विवाहाला मान्यता मिळाली नाही. अर्धं आयुष्य एकत्र काढलेल्या दोघांपैकी एक गेला, तर दुसऱ्याला पत्नीचं किंवा नवऱ्याचं नातं कायद्यापुढे सांगता येत नाही.

नोव्हेंबर १९८५ च्या मिरवणुकीच्या तयारीत असताना क्लीव्ह जोन्स या कार्यकर्त्याच्या वाचनात आलं, की सॅन फ्रान्सिस्कोत एड्सने गेलेल्यांचा आकडा हजारावर पोहोचला आहे. त्याने सगळ्यांना सांगितलं, आपल्या ओळखीचं जे माणूस गेलं असेल त्याचं नाव पुठ्ठ्यावर लिहून आणा. मिरवणूक संपल्यावर शिड्या लावून ते पुठ्ठे सरकारी इमारतीच्या भिंतीवर चिकटवले. लांबून पाहिलं तर रंगीबेरंगी ठिगळांची गोधडीच! जोन्सला घरातली जुनी गोधडी आठवली. आणि त्यातूनच पुढचं सुचलं.

१९८७ साली मार्केट स्ट्रीटवर एक दुकानगाळा भाड्याने घेतला, लोकांनी शिवणयंत्रं आणून दिली, आणि सुईत दोरा कसा ओवायचा हेही ठाऊक नसलेले पुरुष शिवायला बसले. गर्ट मॅकमलिन ही बाई त्याच वर्षी मदतीला आली आणि जन्मभराची तिथलीच झाली. प्रत्येक माणसासाठी तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब असा एक तुकडा, म्हणजे एका थडग्याला लागते तेवढी जागा. आठ तुकडे जोडले की बारा फुटांचा चौरस होतो.

आणि त्या तुकड्यांवर काय काय शिवलं म्हणता! जुन्या जीन्स, टाय, टोप्या, मोटारच्या किल्ल्या, लहानपणचं कापडी अस्वल, शर्यतीत मिळालेली रिबनं, प्रेमपत्रं, लग्नाच्या अंगठ्या, क्वचित चितेची राखसुद्धा. काही जणांचे दोन-दोन तुकडे आहेत, कारण शिवणारी माणसं वेगवेगळी. काहींवर आडनाव नाही. काहींवर तर नुसती आद्याक्षरं, कारण घरच्यांची परवानगी नव्हती. मला विचाराल तर या बिननावाच्या तुकड्यांकडे सगळ्यांत जास्त वेळ पाहत राहावं.

११ ऑक्टोबर १९८७ रोजी पहाटे ही गोधडी राजधानी वॉशिंग्टनच्या मैदानावर अंथरली. तेव्हा तिच्यात १,९२० तुकडे होते. पांढरे कपडे घातलेल्या स्वयंसेवकांनी कमळाच्या पाकळ्यांसारख्या घातलेल्या घड्या एकेक करून उलगडल्या, आणि ध्वनिक्षेपकावरून एकेक नाव वाचलं जाऊ लागलं. त्या दोन दिवसांत लाखो लोक येऊन पाहून गेले. ज्यांचं नाव घरात काढायची बंदी होती, त्यांची नावं देशाच्या संसदेसमोर मोठ्याने उच्चारली गेली!

इकडे शहरात समलिंगी समाजाचं 'बे एरिया रिपोर्टर' हे साप्ताहिक १९७१ पासून निघत होतं. त्यात आठवड्यामागून आठवडे मृतांचे फोटो आणि त्यांच्याविषयी चार ओळी छापून येत. ही पानं उघडून लोक आधी ओळखीचा चेहरा शोधत. १९९६ च्या सुमारास नवी औषधं आली, आणि १३ ऑगस्ट १९९८ च्या अंकात एकही मृत्युलेख नव्हता. ही त्या अंकाची मुख्य बातमी होती!

१९९६ साली ही गोधडी अखेरची एका ठिकाणी संपूर्ण अंथरली गेली. आता ती मावायला मैदान पुरत नाही. आज तिच्यात सुमारे ५०,००० तुकडे आणि एक लाखाच्या वर नावं आहेत. बायका आहेत, लहान मुलं आहेत, समलिंगी नसलेलीही पुष्कळ. मधली काही वर्षं ती अटलांटा शहरात होती, ती २०२० साली परत सॅन फ्रान्सिस्कोत आली. जून २०२२ मध्ये तिथल्या गोल्डन गेट पार्कमध्ये सुमारे ३,००० तुकडे हिरवळीवर मांडले होते. करोनाच्या दिवसांत गर्टबाईंनी याच कामातलं उरलेलं कापड काढून मुखपट्ट्या शिवल्या. कापड वाया घालवणं कुठल्याच शिवणाऱ्या बाईला जमत नाही!

शिवणकामाची आवड असणाऱ्यांना एक गंमत सांगते. तुकड्यासाठी कापड मध्यम जाडीचं, न ताणणारं घ्यायला सांगतात, आणि दुमडीसाठी चारी बाजूंना दोन-तीन इंच जादा ठेवायला सांगतात. अक्षरं कापून शिवावीत. गोंदाने चिकटवू नयेत, कारण घड्या घालता-उलगडता ती काही वर्षांत सुटतात. शिवाय तुकड्याबरोबर त्या माणसाविषयी एक पत्र पाठवायचं असतं. ही पत्रं वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपून ठेवण्याची व्यवस्था केली आहे. पत्र एक-दोन पानांचं असावं असं सांगतात. तो कसा होता, त्याला काय आवडायचं, एवढं लिहिलं तरी चालतं.