पुन्हा नेम धरताना

चैत्रात आमच्या चंद्रपुरात महाकालीची यात्रा भरते. गेल्या यात्रेत आमची कन्या, इयत्ता आठवी, फुगे फोडायच्या दुकानापुढे अडून बसली. "बाबा, तुम्ही कॉलेजात असताना रायफल चालवत होता ना? मग फोडून दाखवा!" सौभाग्यवती शेजारीच उभ्या होत्या. अशा वेळी माघार घेणारा पुरुष अजून जन्माला यायचा आहे. मी बंदूक उचलली, ऐटीत खांद्याला लावली आणि पाच छरे उडवले. फुगे पाचही जागच्या जागी डुलत राहिले. दुकानदार भला माणूस. तो म्हणाला, "नळी थोडी वाकडी हाय जी सर." मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाला, "अन् चष्मा बी बदला."

वाचकहो, सेहेचाळीस वर्षांच्या प्राध्यापकाला याहून खरे बोल कुणी सुनावले नसतील. त्या रात्री झोप येईना. एके काळी आम्ही एन. सी. सी.चे छात्र होतो. मैदानावर पालथे पडून पॉइंट टू-टू रायफलीने पंचवीस यार्डांवरच्या कागदावर पाच गोळ्या झाडाव्यात, आणि पाचही भोके रुपयाच्या नाण्याखाली झाकली जावीत, असे दिवस मी पाहिले होते. मग ते सुटले कसे?

ते सुटले गडचिरोलीत. १९८२ साली आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा काढलेला तो जिल्हा. तिथल्या एका महाविद्यालयात मी काही वर्षे मराठी शिकवीत होतो. २००९ साल होते. मरकेगाव, लाहेरी ही नावे त्या वर्षी साऱ्या महाराष्ट्राने वर्तमानपत्रांत वाचली. आम्ही ती रोज घराघरांत दबक्या आवाजात ऐकत होतो. अशा दिवसांत मला हवेची बंदूक विकत घेण्याची बुद्धी झाली! भाड्याच्या घरामागे परसू होते. एका रविवारी सकाळी भिंतीला कागद चिकटवला आणि छरा उडवला. आवाज तो केवढा? दार आपटावे एवढा. पण शेजारच्या घरात एकदम गलका झाला. त्यांच्याकडे आतल्या गावाहून आलेली सहा वर्षांची नात होती. ती खाटेखाली शिरून बसली होती आणि काही केल्या बाहेर येत नव्हती. मी बंदूक लपवून धावत गेलो. आजी मला रागे भरली नाही. एवढेच म्हणाली, "तिले मालूम नाही जी, कोणता आवाज खेळण्याचा हाय."

त्याच आठवड्यात मी ती बंदूक दुसऱ्या गावच्या एका मित्राला देऊन टाकली. त्यावर सोळा वर्षे गेली.

आमच्या या अरण्यप्रदेशात बंदुकीला फार काळ दोनच कामे ठाऊक होती. एक शिकारीचे. जुन्या दिवाणखान्यांतून वाघावर पाय ठेवून उभ्या असलेल्या साहेबांची छायाचित्रे अजून दिसतात. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, १९७२ साली वन्यजीवांच्या रक्षणाचा कायदा आला आणि ते काम गुन्हा ठरले. दुसरे काम माणसांचे. त्याविषयी अधिक लिहवत नाही. तिसरे काम, म्हणजे कागदावरच्या काळ्या वर्तुळाशी एकट्याने घातलेला वाद, ते आमच्याकडे तसे उशिराच आले.

पण महाराष्ट्रात त्याची परंपरा लहान नाही. अंजली भागवत सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत गेल्या ते २००० साल. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्यूनिकला जगज्जेत्या झाल्या. आणि २०२४ साली पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे या रेल्वेच्या तिकीट तपासनिसाने कांस्यपदक मिळवले, तेव्हा खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या कुस्तीतील पदकानंतर बहात्तर वर्षांनी मराठी माणसाच्या गळ्यात ऑलिंपिकचे वैयक्तिक पदक पडले. शिक्षकाचे पोर, तिकीट तपासनीस आणि नेमबाज! मग मराठीच्या प्राध्यापकानेच काय घोडे मारले आहे?

निश्चय झाला, पण नेमबाजी म्हणजे एकच खेळ अशी माझी समजूत होती. नागपूरच्या एका क्लबात जाऊन चौकशी केली तेव्हा कळले, की हे एक कुटुंबच आहे आणि त्यातल्या प्रत्येक भावंडाचा स्वभाव निराळा.

थोरले बंधू म्हणजे ट्रॅप. मातीची तबकडी आकाशात भिरकावतात आणि बारा बोअरच्या बंदुकीने ती फोडायची. रुबाब मोठा, पण परवाना हवा, मोकळे माळरान हवे आणि प्रत्येक आवाजासरशी पगारातले पैसे धुराबरोबर गेलेले पाहण्याची छाती हवी. त्यांना दुरूनच नमस्कार केला.

दुसरी पन्नास मीटरची रायफल. कुसाळ्यांचा प्रकार हाच. गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभे राहून, अशा तीन आसनांत नेम धरायचा. माझी जुनी पॉइंट टू-टू इथे भेटली आणि जीव हरखला. पण परवाना इथेही आलाच, आणि गुडघ्यावर बसून पुन्हा उठताना माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून शिक्षकांनीच विषय बदलला.

उरल्या दोन धाकट्या बहिणी, दोन्ही दहा मीटरच्या, दोन्ही हवेच्या दाबावर चालणाऱ्या. साडेचार मिलिमीटर नळीच्या, ठरावीक मर्यादेतल्या शक्तीच्या अशा हत्याराला परवाना लागत नाही. मात्र म्हणून ते गाडीत टाकून अभयारण्यात नेता येत नाही. तो गुन्हा आहे, हे आमच्याकडच्या वाचकांनी विसरू नये.

एअर रायफलीचा दहा गुणांचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर असतो. लेखणीने टिंब द्यावे एवढा. त्या रायफलीला मागच्या बाजूस बारीक भोक असते आणि त्यातून पाहिले की चाळिशीच्या डोळ्यालाही बरे दिसते. माझे मन जवळजवळ ठरले होते. पण तिच्यासाठी अंगात जाड, ताठ जाकीट आणि तशीच विजार घालावी लागते. वाचकहो, वैशाखात आमच्या चंद्रपूरचा पारा पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे जातो. त्या जाकिटात पाऊण तास उभा राहिलो तर पत्नीला विम्याचे कागद शोधावे लागतील, हे माझ्या ध्यानी आले.

म्हणून एअर पिस्तूल. जाकीट नको, पालथे पडणे नको. दीड किलोपर्यंतचे वजन एका हाताने, कशाचाही टेकू न घेता, समोर धरायचे. दहाचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचे. रायफलीच्या मानाने परातच. सामन्यात पंचाहत्तर मिनिटांत साठ छरे. मला वाटले, सोपे आहे. पहिल्याच दिवशी कळले, की हात हा आपला असला तरी आपल्या आज्ञेतला नाही.

चष्म्याची कथा गमतीची. मी दुकानात जाऊन सांगितले, "लांबचे फार स्वच्छ नको." चष्मेवाल्याने माझ्याकडे काळजीने पाहिले. पण पिस्तुलाचे इंगितच ते आहे. नळीच्या टोकावरची माशी आणि मागची खाच रेखीव दिसली पाहिजेत. समोरचे काळे वर्तुळ धूसरच राहिले पाहिजे. डोळा एका वेळी दोन्ही नीट पाहू शकत नाही. लक्ष्याकडे टक लावणाऱ्याची माशी हलते आणि छरा भरकटतो.

त्याहून अवघड धडा चाप ओढण्याचा नव्हे, न ओढण्याचा. हात वर न्यावा, सावकाश खाली आणून स्थिर करावा, आणि सात-आठ सेकंदांत मन बसले नाही तर छरा न सोडता हात खाली घ्यावा. सुरू केलेले वाक्य पुरे केल्याशिवाय न थांबणारी आमची जात! पहिले दोन महिने मी प्रत्येक वाईट नेम हट्टाने तडीस नेला. शेवटी शिक्षकांनी छऱ्यांची डबीच काढून घेतली आणि महिनाभर कोऱ्या भिंतीसमोर रिकामे पिस्तूल धरायला लावले.

आता घरी ओसरीपासून मागच्या खोलीच्या भिंतीपर्यंत तेहतीस फूट मिळतात, म्हणजे पुरते दहा मीटर. भिंतीशी छरे अडवणारी लोखंडी पेटी आहे. सराव चालू असता मधल्या खोल्यांत कुणी पाऊल टाकायचे नाही आणि पिस्तुलाच्या कपाटाची किल्ली माझ्याजवळच, हे दोन दंडक सौभाग्यवतींनी घातले. तिसरा मी स्वतः घातला. पहिला छरा सोडण्यापूर्वी मी शेजारच्या सहाही घरी गेलो. "काय जी सर, वाघ माराले निघाले का?" अशी थट्टा झाली. मी सर्वांना बोलावले, पोरांना दाराबाहेर उभे केले, आवाज ऐकवला, कागद हातात दिला. सहाव्या घरच्या आजीबाई म्हणाल्या, दुपारी दोन ते चार त्यांचा डोळा लागतो. त्या वेळी मी पिस्तुलाला हात लावत नाही.

परवा साठ छऱ्यांत सहाशेपैकी चारशे अडुसष्ट गुण झाले. स्पर्धेच्या जगात हा आकडा कुणाला सांगण्याजोगा नाही; कन्येने मात्र तो फ्रिजवर चिकटवला आहे.

मराठीत 'नेम' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक शिकाऱ्याचा, दुसरा चातुर्मासात माझी आजी धरीत असे तो. वर्गात मी हे कितीदा सांगितले असेल! पण रोज सकाळी साडेसहाला, हात भरून आलेला असताना, पिस्तूल न झाडता खाली घेतो तेव्हा हे दोन अर्थ मला वेगळे काढता येत नाहीत.

गडचिरोलीची ती पोर आता बावीस वर्षांची झाली असेल. कुठे असते, ठाऊक नाही. पण पहिला छरा भरण्याआधी मी बाहेरच्या रस्त्यावर एकदा नजर टाकतो. कुणाकडे नवे पाहुणे, नवे लेकरू आले असेल, तर आधी जाऊन सांगून येतो, की आता जो आवाज येईल तो खेळण्याचा आहे.