उभ्या उभ्या धूळ चारली!

नवा अपराइट व्हॅक्यूम क्लीनर घरात आला आणि त्याच्यामागून आली गमतीजमतींची वावटळ

धनत्रयोदशीच्या चार दिवस आधी आमच्या दारात एक लांबलचक खोकं येऊन उभं राहिलं. वॉचमनकाका म्हणाले, "गिटार आहे का?" आई म्हणाली, "इस्त्रीचं टेबल असेल." मी खोकं छातीशी कवटाळून जाहीर केलं, "व्हॅक्यूम क्लीनर! आणि तोही अपराइट!"

अपराइट म्हणजे काय, माहीत आहे का? नावाप्रमाणेच ताठ कण्याचा. मोटर, डबा, दांडा, ब्रश असं सगळं एकाच उभ्या अंगात. मागे शेपटासारखी फरफटत येणारी टाकी नाही की पायात घुटमळणारा पाइपाचा अजगर नाही. कमरेत वाकणं बंद. जे काय करायचं ते उभ्या उभ्या!

फर्स्ट इम्प्रेशन? पंधरा मिनिटांत मी प्रेमात पडलो. सोळाव्या मिनिटाला आईनं पहिली हरकत घेतली.

पाय लागला? नमस्कार कर!

"केरसुणी उभी ठेवू नये," आई म्हणाली. आता आली का पंचाईत? ज्याचं नावच 'उभा', त्याला आडवा कसा करायचा?

पुढची गंमत ऐका. केरसुणीला चुकून पाय लागला तर आपण लगेच हात जोडतो. लक्ष्मीच ती! या पठ्ठ्याला मात्र पाय लावल्याशिवाय काम सुरूच होत नाही. खालचं डोकं पायानं दाबून धरायचं, दांडा आपल्याकडे ओढायचा, मग 'खट्' आवाज येतो आणि स्वारी निघते. पहिल्या दिवशी मी अकरा वेळा पाय लावला आणि अकरा वेळा नमस्कार केला. व्यायामही झाला.

आधी आली घंटागाडी

माझ्या मशीनचं वजन तीन किलोच्या आत. एका हातात मशीन, दुसऱ्या हातात चहाचा कप. पण याचे खापरपणजोबा कसे होते, माहीत आहे का? घोडागाडीवर स्वार!

साल १९०१. लंडनचा इंजिनिअर ह्युबर्ट सेसिल बूथ यानं धूळ ओढणारं यंत्र बनवलं. ते पेट्रोल इंजिनावर चालायचं आणि एवढं अगडबंब होतं की घरात शिरायचंच नाही. घोड्यांनी ओढलेली गाडी रस्त्यावर थांबायची आणि खिडकीतून लांबच लांब पाइप आत सोडले जायचे. आवाज असा की येणारीजाणारी घोडी बुजायची. आपली घंटागाडी दारात येऊन कचरा मागते. ही थेट घरात सोंड घालायची!

रुमाल तोंडात, कल्पना डोक्यात

बूथला हे सुचलं कसं? त्यानं धूळ फुंकून उडवणाऱ्या एका यंत्राचा प्रयोग पाहिला होता. फुंकलेली धूळ जाणार कुठे? थोडी फिरून पुन्हा तिथेच! उलटं करून पाहू, असं त्याच्या मनात आलं. मग एका रेस्टॉरंटमधल्या खुर्चीच्या गादीवर त्यानं रुमाल ठेवला, रुमालाला तोंड लावलं आणि जोरात श्वास ओढला. ठसका लागला, पण रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा डाग उमटला. झाली प्रयोगाची सिद्धता! (वेटरचा चेहरा कसा झाला असेल, तो तुम्हीच डोळ्यांसमोर आणा.)

आणखी एक. व्हिएन्नातलं जगप्रसिद्ध जायंट व्हील आठवतंय? त्याच्या उभारणीतही याच बूथचा हात होता. आधी लोकांना गरगर फिरवलं, मग धुळीला.

राजाच्या पायाखालची धूळ

१९०२ साली ब्रिटनचा राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक होता. वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे साफ करायला कुणाला बोलावलं, माहीत आहे का? बूथच्या यंत्राला! राजेसाहेब एवढे खूश झाले की राजवाड्यांसाठीही यंत्रं घेतली गेली.

पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात लंडनचा क्रिस्टल पॅलेस साफ करायला १५ यंत्रं लावली. धूळ निघाली २६ टन! आमच्या सोफ्याखालून निघाली ती दोन वाट्या. मला उगाच कमीपणा वाटला.

उशीचा अभ्रा झाला करोडपती

आता या कथेचा खरा नायक. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं कँटन गाव. जेम्स मरी स्पँग्लर तिथल्या एका मोठ्या दुकानात झाडलोट करायचा. त्याला होता दमा. झाडू मारला की धूळ उडायची आणि धूळ उडाली की खोकला. मग पठ्ठ्यानं पंख्याची मोटर घेतली, झाडूचा दांडा घेतला आणि धूळ साठवायला लावला चक्क उशीचा अभ्रा! १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळालं.

हाच आपल्या अपराइटचा मूळपुरुष. पण स्पँग्लरकडे धंद्याला पैसा नव्हता. त्याच्या ओळखीतल्या सुझन हूवर या बाईंना यंत्र भलतंच आवडलं. त्यांचे यजमान विल्यम हूवर घोड्यांच्या खोगिरांचा आणि चामड्याच्या सामानाचा व्यवसाय करायचे. रस्त्यावर मोटारी येऊ लागल्या होत्या, खोगीर घेणार कोण? हूवरनी हक्क विकत घेतले आणि १९०८ मध्येच पहिलं मॉडेल बाजारात आणलं. वजन सुमारे १८ किलो!

म्हणजे पहा, लंडनमध्ये यंत्र घोड्यावरून आलं आणि अमेरिकेत घोड्यावरून उतरलेल्या माणसानं ते विकलं.

तो ओढत नाही हो!

आता एक धक्का. व्हॅक्यूम क्लीनर धूळ ओढत नाही. खरंच! आतला पंखा हवा मागे फेकतो, आत दाब कमी होतो आणि बाहेरची हवा धुळीला ढकलत आत घुसते. म्हणजे मेहनत सगळी बाहेरच्या हवेची, क्रेडिट मात्र मशीनला. ऑफिसची आठवण झाली का?

माझ्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय '२५,००० पास्कल'. भारी वाटतं ना? समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १,०१,३२५ पास्कल. म्हणजे हा गडी त्याच्या पाव भागाइतकाच फरक पाडतो. आणि हवाच धक्का देणारी म्हटल्यावर, उद्या कुणी 'दोन लाख पास्कल'चा व्हॅक्यूम क्लीनर विकायला आला तर त्याला नम्रपणे दार दाखवा. पाचगणीला राहत असाल तर जरा लवकर दाखवा, तिथे हवा आणखी विरळ. (पाचगणी लक्षात ठेवा. पुन्हा येणार आहे.)

वॅटच्या आकड्यालाही भुलू नका. वॅट सांगतात वीज किती खाल्ली, काम किती केलं ते नाही. युरोपियन युनियननं तर २०१४ मध्ये १,६०० वॅटची मर्यादा घातली आणि २०१७ मध्ये ती थेट ९०० वर आणली. आहार कमी, काम तेवढंच. डाएटिंग जमलेला जगातला हा एकमेव गट असावा.

५,१२६ वेळा नापास!

माझ्या मशीनचा सगळ्यात लाडका भाग म्हणजे पारदर्शक डबा. आत धूळ गरगर फिरताना दिसते, अगदी उन्हाळ्यात माळावर उठलेली वावटळ! गोफणीतल्या दगडासारखी धूळ कडेला फेकली जाते आणि हवा मधून सटकते.

ही आयडिया आली कुठून? लाकडाच्या वखारीतून. जेम्स डायसन या ब्रिटिश डिझायनरनं भुसा वेगळा करणारं चक्रीवादळी यंत्र पाहिलं आणि त्याला वाटलं, हेच छोटं करून घरात आणू. त्यानं किती नमुने बनवले, माहीत आहे का? ५,१२७! शेवटचा जमला, आधीचे ५,१२६ धुळीला मिळाले. आधी जपानमध्ये गुलाबी रंगाचं मॉडेल विकलं गेलं. मग १९९३ मध्ये ब्रिटनमध्ये आला त्याचा 'डीसी०१'. तोही अपराइटच!

पारदर्शक डब्याला जाणत्यांनी नाकं मुरडली होती. कचरा कुणाला बघायचाय? झालं उलटंच. लोकांना कचराच बघायचा होता!

आणि ही काही नवी गोष्ट नव्हती. बूथनंही आपल्या पाइपांना काचेचा तुकडा लावला होता. लंडनच्या बड्या घरच्या बायका मैत्रिणींना चहाला बोलावून गालिच्यातली धूळ पळताना दाखवायच्या. आपल्याकडे १९८२ मध्ये युरेका फोर्ब्स आली आणि घरोघरी डेमो सुरू झाले. आमच्याकडेही असाच एक टायवाला आला होता. त्यानं आजीच्या गादीवर मशीन फिरवलं आणि पिशवीतला राखाडी ढीग वर्तमानपत्रावर ओतला. आजी दोन दिवस त्या गादीवर झोपली नाही.

डोळ्यांत धूळ फेकून धंदा करणारे पुष्कळ. हा एकच धंदा असा, जो धूळ डोळ्यांपुढे धरून वाढला!

चंद्रावरून थेट सोफ्याखाली

माझं मशीन कॉर्डलेस आहे. जाहिरातीत ४० मिनिटं. टर्बोवर टाकलं की नवव्या मिनिटाला गळपटतं. हॉल झाला, बेडरूम उद्या.

पण कॉर्डलेसला नावं ठेवू नका. त्याचं खानदान चंद्रावर जाऊन आलंय! अपोलो मोहिमांसाठी ब्लॅक अँड डेकर कंपनीनं चंद्राची जमीन खोदणारं बॅटरीवरचं ड्रिल तयार करायला मदत केली. त्या अनुभवाचा उपयोग होऊन १९७९ मध्ये त्यांचा 'डस्टबस्टर' हा हातात मावणारा व्हॅक्यूम क्लीनर आला. आता चंद्रावरचं तंत्र फरसाणाची शेव उचलतंय.

फिल्टरची कुंडली त्याहून खतरनाक. हेपा फिल्टरचा उगम अणुबॉम्बच्या मॅनहॅटन प्रकल्पातला, किरणोत्सारी कण अडवण्यासाठीचा. ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण तो पकडतो. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड. केसांचं म्हणाल तर ते फिल्टरपर्यंत पोचतच नाहीत, सगळे ब्रशच्या रोलरला गुंडाळून बसतात. कात्री जवळ ठेवा.

वाजवा रे वाजवा

आवाज? आमचा बोक्या तेव्हापासून कपाटावर राहायला गेलाय. पण या घरघरीलाही रसिक मिळाले. १९५६ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये माल्कम आर्नल्ड या संगीतकारानं ऑर्केस्ट्राबरोबर तीन व्हॅक्यूम क्लीनर, एक फरशी पॉलिश करणारं यंत्र आणि चार रायफली वाजवल्या. रचना अर्पण कुणाला? प्रेसिडेंट हूवरना!

ग्रॅहम ग्रीनच्या 'अवर मॅन इन हवाना' या १९५८ च्या कादंबरीचा नायक तर व्हॅक्यूम क्लीनरचा विक्रेता. हेरगिरीत ढकलला जातो आणि मशीनच्या भागांची चित्रं गुप्त शस्त्राचे नकाशे म्हणून पाठवून देतो. वरचे साहेब हादरतात!

आणि आता पाचगणी. १९८४ मध्ये क्वीन बँडच्या 'आय वॉन्ट टू ब्रेक फ्री'च्या व्हिडिओत स्कर्ट घालून, मिशी तशीच ठेवून व्हॅक्यूम क्लीनर फिरवणारा फ्रेडी मर्क्युरी आठवतोय? पारशी घरातला हा फारोख बुल्सारा शिकला कुठे, माहीत आहे का? पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत! जगातला सगळ्यात गाजलेला व्हॅक्यूम ज्यानं मारला, तो आपल्या साताऱ्यात वाढलेला.

हो, 'मारला'च! ब्रिटनमध्ये 'हूवर' हे क्रियापदच झालं. आपण मराठी माणसं इतकी सरळ कुठली? आपण झाडूही मारतो, पोछाही मारतो, व्हॅक्यूमही मारतो.

धूळ दिसली, पण कुणाची?

तिसऱ्या दिवशी खरा पेच पडला. घरकामाच्या मावशींनी तो पारदर्शक डबा पाहिला. बराच वेळ पाहिला. मग शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी झाडत नव्हते का?"

मी गप्प. बूथ, डायसन, पास्कल कुणीच मदतीला आलं नाही. शेवटी त्यांच्याच हातात दांडा दिला. त्यांनी तो कपाटाखाली सरळ आडवा घातला. पुढचा लाइट लागला, भिंतीपर्यंतची धूळ लख्ख दिसली. "असं होय," त्या म्हणाल्या. "इथं केरसुणी पोचतच नाही. आणि कपाट तुम्ही कधी हलवलं नाहीत." हिशेब चुकता!

तेवढ्यात डब्यात 'टण्ण' झालं.

मशीन बंद केलं. तिघांनी डब्याला डोळे लावले. राखाडी कापसात काहीतरी चमकत होतं. मावशींनी डबा वर्तमानपत्रावर ओतला, बोटानं चाचपला आणि हात पुढे केला. आईच्या कुडीची सोन्याची फिरकी! गेल्या गणपतीपासून हरवलेली. पिशवीवाला जुना क्लीनर असता तर धुळीबरोबर गेलीच होती.

आईनं फिरकी पदराला पुसली. मग मशीनकडे वळली, त्याला भिंतीशी नीट आडवं निजवलं आणि नव्या केरसुणीशेजारी त्यालाही हळदकुंकू लावलं.

पारदर्शक डब्यावरच लावलं. आता आतली धूळ दिसत नाही.