नवी स्पोर्ट्स कार घेताय? घासाघीस नेमकी कशावर करायची?

शोरूममध्ये 'ऑन-रोड' किंमत एका आकड्यात सांगतात. भाव करण्याआधी त्या आकड्याची फोड लेखी मागा.

एक्स-शोरूम किमतीत जीएसटी धरलेला असतो. रोड टॅक्स आणि नोंदणी शुल्क सरकार ठरवतं, तिथे घासाघीस चालत नाही. १० लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस लागतो, म्हणजे ६० लाखांच्या गाडीवर ६० हजार रुपये. पण ही रक्कम बुडत नाही. आयकर रिटर्न भरताना ती तुमच्या करातून वजा होते किंवा परत मिळते.

पैसे वाचतात ते विम्यात. डीलरकडूनच विमा घ्यायची सक्ती नाही. तेवढ्याच आयडीव्हीचे आणि त्याच ॲड-ऑनचे दर दोन-तीन कंपन्यांकडून घ्या आणि डीलरपुढे ठेवा. 'हँडलिंग चार्ज' हे सरकारी शुल्क नाही, ते काढायला सांगा. कोटिंग, ॲक्सेसरीज, वाढीव वॉरंटी ऐच्छिक असतात.

वेटिंग असलेल्या मॉडेलवर सूट मिळणं कठीण. मात्र गाडी गेल्या वर्षी बनलेली असेल, तर सूट हक्काने मागा. पुढे विकताना उत्पादनाचं वर्ष पाहिलं जातं आणि तेव्हा तोटा तुमचाच होतो. बुकिंगचे पैसे भरण्याआधीच हे सगळं ठरवून घ्या.