पुस्तकातले ज्ञान आणि दुकानातली परीक्षा

सुटी संपवून भारतातून आखातात परतणाऱ्या आपल्या मंडळींच्या सामानात औषधांची एक पिशवी हमखास असते. तापाच्या, पोटदुखीच्या गोळ्या आणि 'असू द्यावी जवळ' म्हणून अ‍ॅझिथ्रोमायसिनची एखादी पट्टी. ही पट्टी पुष्कळदा डॉक्टरांच्या चिठ्ठीविना आणलेली असते.

ती देणारे हात उद्या आपल्याच मुलामुलींचे असतील. फार्मसीची पदविका दोन वर्षांची, पदवी चार वर्षांची. 2008 पासून सहा वर्षांचा फार्म. डी. अभ्यासक्रमही भारतात आहे. प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, सर्दी आणि फ्लूच्या विषाणूंवर नाही, हे या विद्यार्थ्यांना चांगले ठाऊक असते. तरीही निरनिराळ्या देशांत त्यांच्या ज्या पाहण्या झाल्या, त्यांत बहुधा एकच चित्र दिसते. उत्तरे बरोबर येतात; पण स्वतःला सर्दी झाली की त्यांतलेच काही जण घरात उरलेली गोळी घेतात.

असे का व्हावे? आम्हाला वाटते, घरची सवय पुस्तकापेक्षा जुनी असते. शिवाय दुकानात उभे राहिल्यावर गिऱ्हाईक घाईत असते, मालकाला विक्री हवी असते आणि शेजारचे दुकान उघडेच असते. औषधांची नावे पाठ करून घेतली जातात. 'नाही' कसे म्हणावे, याचा सराव मात्र क्वचितच होतो.

कायदे आहेत. भारतात 1 मार्च 2014 पासून 'एच-वन' परिशिष्टातील औषधे विकताना डॉक्टर, रोगी, औषध आणि त्याचे प्रमाण यांची वेगळ्या वहीत नोंद करावी लागते. ती वही तीन वर्षे जपावी लागते. सेफिक्झिम त्याच यादीत आहे. अ‍ॅझिथ्रोमायसिन त्या यादीत नसले, तरी त्यालाही चिठ्ठी लागतेच. सौदी अरेबियात 2018 पासून चिठ्ठीविना विक्रीवर कडक कारवाई सुरू झाली.

हा नुसता नियमांचा प्रश्न नाही. अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट औषधाला दाद न देण्यास शिकतात, असा इशारा पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 साली नोबेल व्याख्यानातच दिला होता. 2019 साली औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात सुमारे 12.7 लाख माणसे दगावली, असा अंदाज 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. सिझेरियन असो की कर्करोगाचे उपचार, ही औषधे निकामी झाली तर सारेच धोक्याचे होईल.

तेव्हा वाचकहो, औषधाच्या दुकानातला एखादा तरुण 'चिठ्ठी आहे का?' असे विचारील, तर त्याच्यावर रागावू नका. डॉक्टरांनी दिलेले औषध सांगितले तितके दिवस घ्या, उरलेले दुसऱ्याला देऊ नका. आणि घरात फार्मसी शिकणारे मूल असेल, तर सर्दीच्या वेळी आधी त्याचा सल्ला ऐका. 'नाही' म्हणण्याचा त्याचा पहिला सराव घरीच होऊ द्या.